कुंकवाच्या नोटा

वॉटफर्डच्या आमच्या भिशीत आम्ही बारा जणी होतो आणि त्यातल्या कुठल्याही दोघींचं एकमेकींशी धड पटत नव्हतं. तरी भिशी एक महिनाही चुकली नाही, कारण ती काकूंची होती. काकू सत्तरीच्या. लग्न होऊन कोल्हापूरहून आल्या, इथल्या छापखान्यात पंचवीस वर्षं कागदाचे गठ्ठे बांधले, नवरा गेल्यावर घर एकटीने सांभाळलं. त्यांच्यासमोर हप्ता बुडवायची कोणाची छाती नव्हती. प्रत्येकीने महिन्याला दीडशे पौंड द्यायचे, काकूंनी वाटीतून चिठ्ठी काढायची आणि जिची निघेल तिने अठराशे घेऊन घरी जायचं.

सगळा व्यवहार रोखीत. आम्ही बहुतेक जणी नवऱ्याच्या वर्क परमिटवर आलेल्या. कोणी मुलं सांभाळायची, कोणी डबे द्यायची, मी एका अकाउंटंटकडे अर्धवेळ फायली लावायची. भारतात फोन करायला दुकानातून कॉलिंग कार्ड आणायचे ते दिवस. कामाची परवानगी सगळ्यांकडे होती, पण पोलीस हा शब्द कानावर पडला की ती कोणालाच आठवत नसे.

त्या वर्षी भिशी मुद्दाम लक्ष्मीपूजनाला ठेवली आणि चिठ्ठी निघाली नागपूरच्या एकीची. आम्ही तिला नागपूरच म्हणायचो. नागपूरला ती नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. वॉटफर्डात आल्यापासून, म्हणजे चार वर्षं, एका प्रायमरी शाळेच्या किचनमध्ये मुलांच्या ताटांत मटार वाढत होती. इथल्या शाळेत शिकवायचं तर आधी कॉलेजचा कोर्स करायला हवा होता, आणि आमच्यासारख्यांना फी बाहेरच्यांची, म्हणजे कितीतरी जास्त, लागायची. नवऱ्याकडे तिने तीनदा विषय काढला. तो वाईट माणूस नव्हता, पण नागपूरला भावाच्या घराचं बांधकाम चाललं होतं आणि इथला पौंडन्‌पौंड तिकडे जात होता. तीनही वेळा तो ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाला. मग तिने विचारणं सोडलं आणि स्वतःच्या पगारातले थोडे बाजूला काढून गुपचूप भिशी लावली. जानेवारीत कोर्स सुरू होणार होता, पहिला हप्ता अठराशेच्या आतबाहेर. चिठ्ठी निघाल्यावर ती नुसती खुर्चीत बसून राहिली.

काकूंची पद्धत अशी की दिवाळीत भिशीचे पैसे आधी देवापुढे. मोठ्या स्टीलच्या ताटात नोटा पसरल्या, हळदकुंकू वाहिलं, आरती झाली आणि सगळ्या फराळाची ताटं करायला किचनमध्ये गेल्या. निरांजन विझेल म्हणून मी मागे थांबले. तूप घालायला वाकले आणि ओढणीच्या टोकाने कलश कलंडला. पाणी थेट ताटात. इथल्या दुकानातलं कुंकू पक्क्या रंगाचं. बघता बघता विसाच्या नोटांच्या कडा लाल झाल्या, काहींवर तर चांगले ओघळ गेले.

शहाण्या बाईने तिथेच हाक मारली असती. पण त्याच सकाळी चकलीचा सोऱ्या माझ्या हातून पडला होता आणि काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, ‘हिच्या हातात काही देऊ नका गं.’ मला राग फार आणि तो विरघळायला वेळही फार लागतो. मी नोटा ओढणीत घेतल्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत रेडिएटरवर ओळीने वाळत घातल्या आणि खाली येऊन चकली खाल्ली. तासाभरात तीनदा बाथरूमला म्हणून वर गेले. वाळल्या तशा पाकिटात भरल्या, पाकीट देवापुढे ठेवलं. काकूंनी ते न उघडताच नागपूरच्या हातात दिलं. मनात म्हटलं, नोट ती नोट, कुंकू लागल्याने काय होणार आहे?

काय होणार आहे ते तिसऱ्या आठवड्यात कळलं. कॉलेज रोख घेत नव्हतं, म्हणून नागपूर दुपारच्या सुट्टीत, किचनचा एप्रन अंगावर तसाच ठेवून, बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलीने नोटा उलटसुलट करून पाहिल्या आणि तिला बाजूला बसायला सांगितलं. बँकांची रोकड नेणाऱ्या गाड्यांत पेट्या असतात. कोणी फोडायला गेलं की त्यांतून रंग उडतो आणि नोटा डागाळतात, म्हणजे चोराला त्या खपवता येत नाहीत. हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. वीस मिनिटांत पोलीस आले. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, हे पैसे तुमचे का?

ती म्हणाली, ‘नॉट माय मनी.’

मग कोणाचे? ‘आंटीज.’ आंटी कुठे राहतात? तिने काकूंचा पत्ता दिला. पोलिसांनी नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सील केल्या, पावती तिच्या हातात ठेवली आणि गेले. ती परत शाळेत गेली आणि उरलेली ताटं धुतली.

पंधरा दिवसांनी काकूंकडे पत्र आलं. इंग्रजी पत्र आलं की मला बोलावणं यायचं. मी उभ्याउभ्याच वाचलं. हजार पौंडांच्या वरची रोकड संशयास्पद वाटली तर पोलीस ताब्यात घेऊ शकतात, त्यासाठी कोणाला अटक व्हावी लागत नाही. मॅजिस्ट्रेटांनी ती तीन महिने ठेवून घ्यायला परवानगी दिली होती. त्यानंतर पोलीस ती कायमची जप्त करायची मागणी करणार होते. ज्याचे पैसे असतील त्याने कोर्टात यावं. कोणी आलं नाही तर कोर्ट त्याच्या गैरहजेरीत निकाल देईल.

‘म्हणजे काय?’ काकूंनी विचारलं.

‘म्हणजे सरकारजमा.’

पुढच्या रविवारी बाराही जणी काकूंच्या बैठकीत जमल्या. एक म्हणाली, व्हिसा रिन्यूअल आहे, माझं नाव कुठे येता कामा नये. दुसरी म्हणाली, आमच्या ह्यांना भिशीचं माहीतच नाही. तिसरीने हिशोब मांडला की प्रत्येकीने दीडशे परत भरले तर प्रश्नच मिटतो. काकू म्हणाल्या, ‘कोणी काही भरायचं नाही. माझी भिशी कधी बुडली नाही, मी माझ्या पेन्शनमधनं भरीन.’ नागपूर कोपऱ्यात बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘जाऊ द्या ना काकू. माझ्या नशिबात नव्हतं.’

इथे माझं डोकं फिरलं. खरं तर मी स्वतःवर चिडले होते, पण ते कबूल करण्यापेक्षा दुसऱ्यावर ओरडणं सोपं असतं.

‘नॉट माय मनी म्हणालीस ना? मग कोणाचा होता? राणीचा?’

‘नोटेवर फोटो तर तिचाच आहे,’ काकू म्हणाल्या. ‘तू आवाज खाली कर.’

बाकीच्या हसल्या. मी मात्र थांबले नाही. म्हटलं, इतके महिने पै पै साठवतेस आणि एका प्रश्नात सगळं सोडून देतेस, असल्या बाईने मुलांना शिकवायला जाऊच नये. नागपूरने पर्स उचलली, कोट घातला आणि निघून गेली. काकूंनी त्या दिवशी मला चहा दिला नाही.

जानेवारी आला आणि कोर्स तिच्याशिवाय सुरू झाला. मी मात्र पोलिसांना पत्र लिहिलं होतं, की नोटांवरचा रंग पूजेचा आहे, हवं तर येऊन पाहा. खरंच एक बाई आल्या. गणवेश नव्हता, पायात साधे बूट, हातात फाईल. काकूंनी त्यांना चिवडा दिला, तो त्यांनी दोनदा घेतला. मग भिशीची वही मागितली.

वहीत एकीचंही नाव नव्हतं. काकू कधी नावं लिहीतच नसत. ‘निळा दरवाजा’, ‘जुळ्यांची आई’, ‘डबे’, ‘नागपूर’, ‘भांडकुदळ’. मी एकेक शब्द इंग्रजीत सांगत गेले आणि त्या बाईंचा चेहरा गंभीर होत गेला. चोरांच्या टोळीतही अशीच नावं असतात म्हणे.

‘आणि हे भांडकुदळ कोण?’ त्यांनी विचारलं.

‘मीच,’ मी म्हटलं. ते मलाही त्याच क्षणी कळलं होतं.

त्या पहिल्यांदाच हसल्या. मग देवघर पाहिलं, ताट पाहिलं. नोटांना कुंकू कसं लावतात ते काकूंनी पाचाच्या नोटेवर करून दाखवलं. बाईंनी कुंकवाची पुडी पिशवीत घालून वर नंबर लिहिला.

‘नुसतं लावून एवढे ओघळ येणार नाहीत,’ त्या सहज म्हणाल्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

जाताना त्या दारात थांबल्या. म्हणाल्या, ‘मला तुमचं बरंचसं पटलंय. पण जिच्या हातात पैसे होते ती म्हणते माझे नाहीत. कोर्टात मालक म्हणून कोणी उभंच राहिलं नाही, तर माझ्या पटण्याला काही अर्थ नाही. मला मालक पाहिजे.’

मी लगेच म्हटलं, मी उभी राहते, बारावा हिस्सा माझाच आहे. पण काकूंनी मान हलवली. ‘तसं नाही. चिठ्ठी निघाली की पैसा तिचा. तोपर्यंत सगळ्यांचा. मी कोर्टात खोटं सांगणार नाही आणि तुलाही सांगू देणार नाही.’ मी चिडून पाहिलं, समजावून पाहिलं. काकूंच्या भिशीचा तोच एक कायदा होता आणि त्यामुळेच इतकी वर्षं पैशावरून कोणाचं कोणाशी भांडण झालं नव्हतं. दावा एकटी नागपूरच करू शकत होती. आणि तिने दावा केला की नवऱ्याला सगळं कळणार होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही असं मी लिहिणार नाही. चांगली झोपले. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच आला, की तिला घरी खरं सांगायला लावायला निघालेली मी कुठे खरं बोलले आहे? अजून सगळ्या जणींना वाटत होतं की कुंकू नेहमीसारखंच लावलं होतं आणि बँकवाल्यांचंच डोकं फिरलं होतं. मी कामावर उशीर होईल असा फोन केला आणि काकूंकडे गेले. सोफ्यावर बसायच्या आत सांगून टाकलं. कलश, ओढणी, रेडिएटर, सगळं.

‘मला वाटलंच,’ काकू म्हणाल्या. ‘तीनदा बाथरूमला कोण जातं?’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू कधी सांगतेस ते बघत होते.’

त्यांच्याकडून थेट शाळेवर गेले. किचनच्या मागच्या दाराशी नागपूर रिकामे क्रेट रचत होती. मला पाहून तिने मान फिरवली, आणि मला ते बरोबरच वाटलं. मी तिच्या पाठीशी बोलले. म्हटलं, ‘पाणी माझ्या हातून सांडलं होतं. नोटा मी वाळवल्या आणि तुला तशाच देऊ दिल्या. तुझ्यावर ओरडले तेव्हाही मला हे माहीत होतं. तू आलीस किंवा नाही आलीस तरी मी कोर्टात जाऊन हे सांगणार आहे. आणि त्या दिवशी जे बोलले त्याची मला लाज वाटते.’

तिने हातातला क्रेट खाली ठेवला.

‘ताई, बँकेत त्यांनी विचारलं ना, तेव्हा मी काय बोलून राहिले ते मलाच समजत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं हे पोलीस आता घरी फोन करतील. एवढंच वाटलं. खरंच ते पैसे माझे आहेत असं माझ्या मनातच नाही आलं.’

आतून कोणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. कोर्टाची तारीख एका कागदावर लिहून मी तो क्रेटखाली ठेवला.

कोर्टात मी आणि काकू अर्धा तास आधी पोचलो. काकूंनी ठेवणीतली इरकल नेसून वर जाड कोट घातला होता. माझ्या डोक्यात कोर्ट म्हणजे काळे झगे आणि हातोडा. इथे लांब टेबलामागे मॅजिस्ट्रेट म्हणून तीन साधी माणसं बसली होती, बस स्टॉपवर भेटावीत अशी. मध्ये एक चष्मेवाल्या बाई. त्या सकाळी रोकडीचीच प्रकरणं होती आणि आमचं शेवटचं.

पहिलं प्रकरण पुकारलं. सहा हजार आणि काही पौंड, कुठल्याशा गाडीच्या डिकीत सापडलेले. कोणी आलंय का? शिपायाने बाहेर जाऊन नाव पुकारलं, परत येऊन मान हलवली. पोलिसांच्या वकिलाने दोन वाक्यं सांगितली, तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पैसे जप्त झाले. चहा गाळायला याहून जास्त वेळ लागतो. दुसरं प्रकरण तसंच. तिसरंही. बहुतेक खरोखरच चोरीचे किंवा गांजाचे असतील, त्यांच्यासाठी कोण येणार? पण मला राहून राहून वाटलं, त्यात एखादा आमच्यासारखाही असेल, नाव द्यायला घाबरलेला. मी दाराकडे बघत होते. काकूंनी माझा हात धरून ठेवला होता. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते कळलं नाही.

आमचं प्रकरण पुकारलं. कोणी आलंय का? मी उठून उभी राहिले आणि तोंड उघडणार इतक्यात दार ढकलून नागपूर आत आली. अंगात निळा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. मागे तिचा नवरा, सूट आणि टाय घालून, इंटरव्ह्यूला निघाल्यासारखा. ‘सॉरी, बस लेट,’ तो सगळ्यांना म्हणाला आणि भिंतीशी उभा राहिला.

चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, ‘हे पैसे कोणाचे?’

‘माइन,’ नागपूर म्हणाली.

‘तुम्ही बँकेत तर नाही म्हणालात.’

‘घरी माहीत नव्हतं. म्हणून घाबरले. आता माहीत आहे.’ तिचं इंग्रजी तुटक होतं, पण आवाज तुटक नव्हता. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला आवाज होता.

मग तिने भिशी काय असते ते त्यांना समजावून सांगितलं. मी सांगितलं असतं त्यापेक्षा कितीतरी नीट. बारा जणी, बारा महिने, प्रत्येकीला एकदाच. डावीकडच्या गृहस्थांनी शंका विचारली, तिने पुन्हा एकदा, जरा सावकाश सांगितलं आणि ‘कळलं का?’ असं विचारलंही. गृहस्थांनी मान डोलावली. नंतर मी पाण्याचं सांगितलं. पोलीसबाईंनी सांगितलं की रंग तपासला, तो पेटीतला नाही, आणि आता पोलिसांना हरकत घ्यायची नाही.

चष्मेवाल्या बाईंनी शेवटचं विचारलं, ‘एवढ्या पैशांचं तुम्ही काय करणार होतात?’

‘कॉलेजची फी,’ ती म्हणाली. ‘आय अ‍ॅम अ टीचर.’

तिघं आत जाऊन पाच मिनिटांत परत आली. पैसे परत करायचे, आणि इतके दिवस पोलिसांच्या खात्यात होते त्याचं व्याजही द्यायचं. व्याज म्हटल्यावर काकूंनी मला कोपर मारलं. आमच्या भिशीत आजवर कोणाला व्याज मिळालं नव्हतं.

आम्ही सगळे बाहेर आलो. नागपूरने मला नंतर सांगितलं की घरी बोलल्यावर नवऱ्याने दोन दिवस तो विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी शर्टाला इस्त्री करता करता त्याने फक्त विचारलं होतं, कोर्ट कितीला आहे? आता तो काकूंसमोर आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘काकू, मला वाटायचं ती विसरली. परत कधी बोललीच नाही ना.’

‘तू परत विचारलंस का?’ काकू म्हणाल्या.

तो सरळ बायकोकडे वळला. ‘सप्टेंबरला घेतील ना आता? किती वर्षांचा आहे कोर्स? शिकवतात काय त्यात?’

ती सांगायला लागली. विषय कोणते, संध्याकाळचे वर्ग किती, परीक्षा केव्हा, शाळेत प्रत्यक्ष शिकवायचे आठवडे किती. चार वर्षांत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं आणि तिच्याकडे सगळं तयार होतं. दोघं बोलत बोलत हाय स्ट्रीटला लागली. मी मागून हाक मारणार होते, तेवढ्यात काकूंनी माझी बाही ओढली, आणि आम्ही दोघी उगाचच एका बुटांच्या दुकानासमोर उभ्या राहिलो, ती दोघं पुढे जाईपर्यंत.